राज्य बदलले, परवानाही बदलावा काय?

आपल्या महाविद्यालयात एकाच बाकावर बसणाऱ्या तीन विद्यार्थ्यांची घरे तीन निरनिराळ्या राज्यांत असू शकतात. एक नांदेडकडचा, दुसरा बिदरकडचा, तिसरा भैंशाचा. तिघांजवळही मोटारसायकल चालविण्याचा परवाना असतो, आणि घर सोडून परगावी राहावयास आल्यावर तिघांनाही एकच प्रश्न पडतो : "आपला परवाना इथे चालेल काय?" या प्रश्नाची उत्तरे उपाहारगृहातील टेबलावर हवी तितकी मिळतात. कोणी म्हणतो, "नवीन काढ." कोणी म्हणतो, "आधी गावाहून ना-हरकत आण." कोणी सरळ एजंटाचा पत्ता देतो. या सल्ल्यांपायी मुलांचे पैसे जातात, क्वचित कायद्याचा भंगही होतो. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेणे बरे.

उदाहरणासाठी भैंसा हेच गाव घेऊ. कापसाच्या बाजारपेठेचे हे गाव. नांदेडहून भोकरमार्गे निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भैंशातूनच जातो. गावात तेलुगू, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. १९५६ पूर्वी भैंसा हे हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात, मुधोळ तालुक्यात होते. त्या वर्षी राज्य पुनर्रचना कायदा झाला. त्यानुसार मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे १ नोव्हेंबर १९५६ पासून आंध्र प्रदेशात गेली आणि आदिलाबाद जिल्ह्यास जोडली गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबादचे विभाजन होऊन भैंसा निर्मल जिल्ह्यात गेले.

म्हणजे भैंशातील एखादे ऐंशी वर्षांचे आजोबा आपल्या वाड्याचा उंबरठा न सोडता तीन राज्यांत आणि तीन जिल्ह्यांत राहून झाले! गाडी चालविण्याचे कौशल्य जर राज्याच्या मातीशी बांधलेले असते, तर २०१४ साली तेलंगणातील प्रत्येक चालकाला पुन्हा परीक्षेस बसावे लागले असते. तसे घडले नाही. याचे कारण कायद्यातच आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, या कायद्याखाली दिलेला शिकाऊ परवाना असो वा पक्का परवाना, तो संपूर्ण भारतात ग्राह्य राहील. तेव्हा परवान्याच्या क्रमांकाआरंभीची राज्याची अक्षरे तो कोठे दिला गेला एवढेच सांगतात. कोठपर्यंत चालेल हे ती सांगत नाहीत. निर्मलचा परवाना नांदेडला चालतो, नांदेडचा बिदरला चालतो आणि बिदरचा श्रीनगरलाही चालतो.

मग हा गैरसमज आला कोठून? एक कारण परदेशातील नातेवाइकांच्या गोष्टी. अमेरिकेत परवाना देणे हे तेथील प्रत्येक राज्याचे काम आहे. तेथे राज्य बदलून स्थायिक झालेल्या माणसास ठरावीक मुदतीत नव्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात ही मुदत दहा दिवसांची, तर न्यूयॉर्कमध्ये तीस दिवसांची आहे. तेथे गेलेली आपली मंडळी हे अनुभव सांगतात आणि आपणास वाटते, इथेही तसेच असणार.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. परवाना आणि वाहनाची नोंदणी या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. आपल्या राज्यघटनेत यांत्रिक शक्तीने चालणारी वाहने हा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे परवान्याचा कायदा साऱ्या देशाला एकच आहे. परंतु वाहनांवर कर बसविणे हा विषय राज्यसूचीत आहे. परवाना माणसाच्या हातातील कौशल्याचा दाखला आहे, तर नोंदणी कराशी जोडलेली आहे. कौशल्य सीमेपाशी थांबत नाही. कर मात्र थांबतो.

म्हणून वाहनाचे नियम वेगळे आहेत. मालकाचा पत्ता बदलला तर ३० दिवसांच्या आत तसे नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. मित्राने सांगितलेले 'ना-हरकत' ते हे. ते गाडीचे आहे, आपल्या खिशातील परवान्याचे नव्हे.

आता परवान्यापुरते पाहू. यात तीन प्रसंग संभवतात.

पहिला प्रसंग : विद्यार्थी दोन-तीन वर्षांसाठी वसतिगृहात आला आहे आणि त्याचे घर गावीच आहे. अशा विद्यार्थ्याने परवान्याबाबत काहीही करण्याची गरज नाही.

दुसरा प्रसंग : नोकरी लागली, बिऱ्हाड हलले, आता इथेच राहावयाचे. अशा वेळी नवा परवाना काढावयाचा नसून जुन्यावरील पत्ता बदलून घ्यावयाचा असतो. आपण राहतो त्या भागातील परिवहन कार्यालयाकडे फॉर्म नंबर २ मध्ये अर्ज करावा. सोबत मूळ परवाना, नव्या पत्त्याचा पुरावा व छायाचित्र लागते. केंद्रीय नियमांनुसार मूळ शुल्क २०० रुपये असून कार्डाचा व सेवेचा आकार राज्यपरत्वे निराळा असतो. पुन्हा वाहन चालवून दाखविण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. परवाना चालतोच, मग पत्ता कशासाठी बदलावा, असे कोणी विचारील. कार्यालयाची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि आपणास कळलीच नाही, तर नुकसान आपलेच होते, म्हणून.

तिसरा प्रसंग : मुदत संपत आली आहे. नूतनीकरणासाठी मूळ गावी धाव घेण्याची आवश्यकता नाही. कलम १५ प्रमाणे कोणताही परवाना अधिकारी नूतनीकरण करू शकतो, आणि मूळ कार्यालयास कळविणे हे त्याचे काम आहे. अर्ज मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून ती संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो. त्याहून उशीर झाल्यास पुन्हा परीक्षा द्यावी लागते. मात्र मुदत संपल्यावरही तीस दिवस परवाना चालू समजण्याची पूर्वीची सवलत २०१९ च्या दुरुस्तीने रद्द झाली आहे. तेव्हा अर्ज पुढे करता येतो याचा अर्थ तोपर्यंत गाडी चालविता येते असा नव्हे. परवान्याविना वाहन चालविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. अशा स्थितीत अपघात झाला, तर विम्याच्या भरपाईचाही प्रश्न उभा राहतो.

एक अडचण मात्र खरी आहे. बहुतेक राज्यांच्या परवान्यांच्या नोंदी 'सारथी' या केंद्रीय संगणक व्यवस्थेत आहेत; तेलंगणाने मात्र बराच काळ आपली स्वतंत्र व्यवस्था चालविली. त्यामुळे भैंशाच्या विद्यार्थ्याची नोंद दुसऱ्या राज्यातील कार्यालयात चटकन उघडली नाही, तर मूळ कार्यालयाकडून नोंदीची खात्री मागविली जाते. जुन्या रजिस्टरात हाताने लिहिलेल्या परवान्यांचेही तसेच होते. अशा वेळी धीर सोडू नये. गावी गेल्यावेळीच मूळ कार्यालयातून आपल्या नोंदीचा उतारा मिळवून ठेवावा.

या अडचणीला कंटाळून काही जण सोपा वाटणारा मार्ग धरतात : जुना परवाना लपवून नव्या राज्यात दुसरा काढणे. हे कदापि करू नये. एक परवाना चालू असताना दुसरा पक्का परवाना बाळगण्यास कलम ६ ने मनाई केली आहे. दोनशे रुपयांत आणि थोड्या खेपांत होणाऱ्या कामासाठी खोटे निवेदन करणे, तेही नोकरीच्या उंबरठ्यावर, हा सौदा महागात पडतो.

सीमाभागातील माणसाला कागदांची धास्ती असते, आणि ती उगीच नाही. त्याने घर न हलविता राज्ये बदललेली पाहिली आहेत. पण निदान या एका कागदाने त्याला सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखेच मानले आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आज खोलीवर गेल्यावर आपला परवाना काढून त्यावरील दोन गोष्टी पाहा : मुदतीची तारीख आणि पत्ता. राज्याच्या अक्षरांची चिंता करू नका.