आकडे वाढू द्या, झोप घटू देऊ नका

अंगठा दुखतो, मनगटात कळ येते, डोळे चुरचुरतात, रात्री झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन तरुण मुले दवाखान्यात येतात, तेव्हा औषध लिहिण्याआधी मी विचारतो, "मोबाइलवर कोणता खेळ खेळता?" पुष्कळदा उत्तर येते ते आकडे वाढवण्याच्या खेळाचे. इंग्रजीत याला 'आयडल गेम' म्हणतात. आयडल म्हणजे रिकामा, स्वस्थ बसलेला. नाव असे असूनही मुले त्यासाठी पहाटे तीन वाजता उठतात!

आई-वडील म्हणतात, "डॉक्टर, याला खेळ बंद करायला सांगा." परंतु नुसते 'बंद कर' म्हटल्याने कोणी बंद करीत नाही, हा माझा अनुभव आहे. म्हणून आज या खेळाचाच हिशेब मांडतो. तो नीट समजला तर ध्यानात येईल की, यात पुढे जाण्यासाठी फोन हातात धरून बसावे लागत नाही. जो हिशेबाने खेळतो, त्याचे काम दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटांत भागते.

हा खेळ आहे तरी काय?

या प्रकारातला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे 'कुकी क्लिकर'. ज्यूलियन तिएनो या फ्रेंच तरुणाने तो २०१३ साली तयार केला. पडद्यावर एक मोठे बिस्किट असते. त्यावर एकदा बोट मारले की एक बिस्किट जमा होते. जमलेल्या बिस्किटांतून आजी, शेत, खाण, कारखाना अशा गोष्टी विकत घ्यायच्या. मग त्या आपोआप बिस्किटे तयार करतात. आकडा हजारावरून लाखावर, लाखावरून कोटीवर जातो. शेवट असा नाहीच. २०१४ साली आलेल्या 'ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट' या खेळात बिस्किटांऐवजी लिंबू सरबताच्या गाड्यापासून धंद्याला सुरुवात होते. तत्त्व मात्र एकच.

१. अंगठ्याला लवकर सुटी द्या

सुरुवातीला बोट मारावेच लागते. परंतु पहिली कमाई आपोआप उत्पादन देणाऱ्या वस्तूंवर खर्च करावी. सरबताच्या खेळात धंद्यावर मॅनेजर नेमला की तो धंदा स्वतःहून चालतो. तो न नेमता तासन्‌तास बोट मारीत राहणे म्हणजे मोटार बसवलेली असताना पोहऱ्याने पाणी ओढणे होय.

अंगठा सतत चालवल्याने मनगटाजवळील कंडरांच्या आवरणाला सूज येते. घरच्या घरी याची परीक्षा करता येते. अंगठा मुठीत घ्या आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या बाजूला तीव्र कळ आली तर हाताला विश्रांती द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

२. किंमत पाहू नका, वसुली पाहा

या खेळाची खरी गुरुकिल्ली हीच आहे. 'कुकी क्लिकर'मध्ये पहिली आजी १०० बिस्किटांना मिळते आणि सेकंदाला १ बिस्किट देते. म्हणजे १०० सेकंदांत तिची किंमत वसूल. पहिले शेत १,१०० ला मिळते, पण सेकंदाला ८ देते. त्याची वसुली सुमारे १३८ सेकंदांत होते. म्हणजे आरंभी आजी फायद्याची.

परंतु प्रत्येक खरेदीनंतर त्याच वस्तूचा भाव १५ टक्क्यांनी चढतो. पाच खरेदींत भाव दुप्पट होतो, दहा खरेदींत चौपट. दहा आज्या घेतल्यावर अकरावी सुमारे ४०५ बिस्किटांना पडते, पण देते तीच एक. तिची वसुली आता ४०५ सेकंदांवर गेली. अशा वेळी महाग दिसले तरी शेतच स्वस्त! दहा आज्यांच्या उत्पादनावर १,१०० बिस्किटे जमायला ११० सेकंद लागतील. ती वाट पाहण्याची वेळ आणि वसुलीची वेळ मिळवली तरी शेत पुढेच राहते. खत-बियाणे घेताना आपला शेतकरी हाच हिशेब मनात करतो. दोन मिनिटे कागदावर असा हिशेब केला की तासभराची उगाच खरेदी वाचते.

३. टप्पा जवळ असेल तर तो गाठा

काही खेळांत ठरावीक संख्येला मोठे बक्षीस असते. सरबताच्या खेळात एका धंद्याची संख्या २५ झाली की त्याचा वेग दुप्पट होतो. पुढे ५०, १०० असे टप्पे आहेत. हाताशी २२ असतील, तर वसुलीचा नियम क्षणभर बाजूला ठेवून आणखी तीन घ्यावेत. टप्पा दूर असेल तर त्याच्या मागे लागू नये.

४. पेरल्यावर रोज उकरून पाहू नका

पेरलेले बी उगवले का, हे पाहायला कोणी रोज माती उकरीत नाही. येथेही तसेच आहे. पुढची मोठी खरेदी दोन तासांनी शक्य असेल, तर मधल्या दोन तासांत पडद्याकडे पाहिल्याने काही लाभ नाही. सकाळी, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी आणि रात्री निजण्याच्या तासभर आधी, अशा चार वेळा ठरवा.

काही खेळ बंद असतानाही कमाई देतात, परंतु ठरावीक तासांपुरतीच. मुले पहाटे गजर लावून उठतात ती यासाठी. रात्रीच्या शेवटच्या फेरीत साठलेली सर्व कमाई उत्पादनाच्या वस्तूंत गुंतवा आणि स्वस्थ झोपा. मर्यादा लवकर संपून दोन-तीन तासांची कमाई बुडाली तरी ती दिवसा भरून निघते. बुडालेली झोप तशी भरून निघत नाही. प्रौढांना किमान ७ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. झोपमोड झालेल्या मुलाचे दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष लागत नाही, आणि पहाटे दूध घालायला मोटारसायकलवर निघालेल्या तरुणाला डुलकी लागली तर जिवावर बेतते.

५. सोनेरी बिस्किटाचा मोह

'कुकी क्लिकर'मध्ये साधारण ५ ते १५ मिनिटांत केव्हा तरी सोनेरी बिस्किट येते आणि १३ सेकंदांत नाहीसे होते. ते टिपले तर मोठा लाभ होतो. मनाला बांधून ठेवणारा भाग तो हाच. बक्षीस केव्हा येईल हे ठाऊक नसले की प्राणी ते मिळवण्याची धडपड सहजी सोडत नाही, हे बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. आपण खेळत असताना आले तर जरूर टिपावे, त्याची वाट पाहत बसू नये. खेळताना दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. डोळ्यांचा ताण हलका होतो.

६. नव्याने सुरुवात केव्हा करावी?

एका टप्प्यावर वाढ मंदावते. तेव्हा सर्व सोडून पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची सोय असते आणि मोबदल्यात कायमचा वेग मिळतो. आपल्याकडे 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात. येथे मात्र परत येणारा गाठीला काही बांधून येतो. 'कुकी क्लिकर'मध्ये एकूण १ लाख कोटी बिस्किटांना १ पातळी मिळते, ८ लाख कोटींना २ आणि २७ लाख कोटींना ३. म्हणजे पातळी दुप्पट करायला आठपट बिस्किटे लागतात. म्हणून फार लवकर परतू नये आणि वाढ थांबल्यावर अडूनही बसू नये. हाती असलेल्या पातळ्या दुप्पट होत असतील, तेव्हा परतावे, हा ढोबळ नियम बरा. रोजचे जागरण सुटत नसेल, तर हाच क्षण चार दिवस खेळापासून दूर राहण्यासही उत्तम.

७. खिशातला पैसा घालू नका

वाट पाहण्याचा कंटाळा आला की काही खेळ खरे पैसे मागतात. त्यातून विकत मिळतो तो फक्त वेळ, आणि तो वेळ फोन बाजूला ठेवला की फुकट मिळतो. मुलांच्या हाती फोन देताना पैसे भरण्यासाठी पासवर्ड लागेल अशी व्यवस्था पालकांनी करावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश झाला असून ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा खेळच मोठा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. अभ्यास, कामधंदा, घरची नाती यांवर परिणाम होऊन हे साधारण १२ महिने चालले, तर निदान केले जाते. मात्र मदत घेण्यासाठी वर्षभर थांबू नये. शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

पालकांनी फोन हिसकावून घेण्याऐवजी एकदा मुलाजवळ बसून विचारावे, "अकरावी आजी घ्यावी की पहिले शेत?" हिशेब बरोबर आला तर शाबासकी द्यावी, आणि निजण्यापूर्वी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगावे. आजी आणि शेत रात्रभर काम करतीलच. मुलाने मात्र झोपावे.