मधुमेहाची गोळी कोनाड्यात ठेवू नका



या पानावर मी एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया आणि खोडव्याची निगा यांवर लिहितो. या खेपेचा विषय वेगळा आहे, पण आपल्या घराबाहेरचा नाही. ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना हल्ली चहाच्या वेळी हमखास विचारणा होते, "साहेब, बिनसाखरेचा चालेल का? आमच्याकडं आता तसलाच होतो." साखर पिकवणाऱ्या घरात मधुमेह येऊन बसला आहे. औषधही आले आहे, पण पुष्कळ घरांत ते कोनाड्यात पडून असते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: "पोट बिघडतं", "चक्कर येते", "गोळी उष्ण पडते". म्हणून गोळी परस्पर बंद!

यात धोका असा की वाढलेली साखर दुखत नाही. माणूस हिंडता-फिरता राहतो आणि आतून डोळे, मूत्रपिंड व पायांच्या नसा खराब होत जातात. गोळीचा त्रास मात्र लगेच कळतो. पण त्यातले बहुतेक त्रास वेळ बदलून, मात्रा बदलून किंवा गोळी बदलून कमी होतात. मी डॉक्टर नव्हे, मात्रा ठरवणे हे त्यांचेच काम. परंतु कोणत्या गोळीने काय होते हे ठाऊक असेल, तर डॉक्टरांशी नीट बोलता येते.

मेटफॉर्मिन आणि पोट

टाईप 2 मधुमेहात बहुधा हीच गोळी पहिली दिली जाते. 1957 साली फ्रान्समध्ये झां स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेहावर तिचा उपयोग दाखवून दिला. इतक्या वर्षांची पारखलेली आणि स्वस्त गोळी आहे. सुरुवातीला मळमळ, पोट फुगणे, पातळ शौचास होणे, तोंडाला धातूसारखी चव येणे हे त्रास पुष्कळांना होतात व बहुधा काही आठवड्यांत कमी होतात.

आपण युरिया एकदम ओतत नाही, हप्त्याहप्त्याने देतो. या गोळीचेही तसेच आहे. लहान मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवली तर पोट सोसते. उपाशीपोटी घेऊ नये, जेवताना किंवा जेवणानंतर लगेच घ्यावी. तरीही भागत नसेल तर सावकाश विरघळणारी गोळी मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे. ती तोडून वा चावून खाऊ नये. तिचे टरफल कधीकधी शौचातून बाहेर पडलेले दिसते. औषध अंगी लागले नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरी गोष्ट, ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यावर काहींच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी पडते. पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, थकवा राहतो. माळकरी व शाकाहारी मंडळींत ही कमतरता आधीच असू शकते. रक्त तपासून ती कळते आणि भरूनही काढता येते. म्हणून "साखरेनं पाय बधिर झालाय" असे समजून गप्प बसू नये.

साखर फार खाली गेली तर

ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड या गोळ्या आणि इन्सुलिन साखर जोराने खाली आणतात. गोळी घेतली आणि जेवण चुकले, की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. शेतकऱ्याचे जेवण तर नेहमीच चुकते. तोडणीची टोळी आली, गाडी भरायची घाई, न्याहारी राहून गेली. किंवा रात्रीची लाईट आली, अर्धवट जेवून दारं धरायला गेला. त्यात अंगमेहनत. साखर आणखी उतरते.

दरदरून घाम, हातापायाला कापरे, छातीत धडधड, सडकून भूक, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. पुढे माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो. आमच्याच एका गटात एक सभासद असे बांधावर बसलेले आढळले. "घेतलेली दिसतेय" म्हणून दोघे-तिघे पुढे निघून गेले. त्या गृहस्थांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. शेजारच्या शेतातल्या बाईंना त्यांच्या गोळ्यांची माहिती होती, त्यांनी साखरपाणी पाजले म्हणून निभावले.

अशा वेळी साधारण 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. जवळ गुळाचा खडा असेल तर तो द्यावा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर भाकरी किंवा भात खावा, कारण गोळीचा अंमल पुढे कित्येक तास राहतो व साखर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नये. कुशीवर वळवून 108 ला फोन करावा. असा प्रसंग एकदा जरी घडला, तरी डॉक्टरांना सांगून मात्रा तपासून घ्यावी.

एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार, रोजे यांपूर्वी त्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे विचारून ठेवावे. या गोळ्यांवर दारू, तीही रिकाम्या पोटी, फार घातक.

साखर खाऊनही गुण येत नाही तेव्हा

आपण साखरवाले, तेव्हा हे नीट ध्यानात घ्यावे. उसाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. तोडलेला ऊस शिळा झाला की ही जोडी फुटते आणि उतारा घटतो, हे आपण जाणतोच. पोटात गेलेली साखरही आतड्यात अशीच फुटावी लागते, तरच ती रक्तात जाते. व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही औषधे नेमकी ही फोड अडवतात. म्हणून ती घेणाऱ्याची साखर उतरली, तर आपल्या साखरेचा वा गुळाचा गुण यायला उशीर लागतो. त्याने ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात, म्हणून पाकिटावरील सर्व नावे मुलाकडून वाचून घ्यावीत. याच औषधांनी पोटात वायूही धरतो.

लघवीवाटे साखर काढणारी गोळी

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या जादा साखर लघवीतून बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंडालाही त्यांचा लाभ होतो. परंतु लघवीच्या जागी साखर राहिल्याने बुरशी धरून खाज सुटू शकते. लघवीनंतर पाण्याने धुवून कोरडे करावे. खाज सुटली तर लाजू नये, विशेषतः भगिनींनी. साध्या औषधाने ती जाते. लघवी वाढते म्हणून चैत्र-वैशाखात फडात काम करताना पाणी भरपूर प्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे.

उलट्या-जुलाब होत असतील, अन्न जात नसेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ही गोळी आणि मेटफॉर्मिन चालू ठेवायची की नाही हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. मळमळ, पोटदुखी आणि जोराचा श्वास एकदम सुरू झाला तर साखर फार वाढलेली नसली तरी दवाखाना गाठावा.

पायाला सूज

पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांच्या पायाला सूज येऊन वजन वाढू शकते. सूज वाढली, चालताना किंवा आडवे होताना दम लागला, तर थांबू नये. हृदयावर ताण आल्याची ती खूण असू शकते.

एवढे कराच

ऊस नोंदीची पावती आपण जपून ठेवतो. तशीच एक चिठ्ठी खिशात ठेवावी. तीत आपले नाव, घरचा फोन, "मला मधुमेह आहे" आणि गोळ्यांची नावे लिहावीत. त्याच खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी असावी. रात्री पाण्याला जाताना जेवून जावे व सोबतीच्या गड्याला आजार सांगून ठेवावा. गोळी कधी घेतली, जेवण कधी झाले आणि त्रास कधी झाला हे वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे. "गोळी सोसत नाही" एवढ्याने त्यांना कळत नाही. "घेतल्यावर अर्ध्या तासात पोटात कळ येते" म्हटले की मार्ग निघतो.

फवारणीने पानांवर डाग पडले तर आपण ऊस उपटून टाकत नाही, औषधाचे प्रमाण तपासतो. शरीराच्या बाबतीतही तेवढाच विचार करावा, ही सर्व सभासदांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी