पोहण्याची शर्यत आणि वाढते वय

पूर्वी खेडोपाडी मुले पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकत. पाण्याची भीती गेली आणि हातपाय नीट चालू लागले, की शिक्षण पुरे होई. शर्यतीचे पोहणे मात्र ह्याहून निराळे. तेथे ५० मीटर लांबीचा तलाव असतो, प्रत्येकाची पट्टी आखलेली असते आणि सेकंदाचा शंभरावा भागही मोजला जातो. अशा शर्यतीत उतरणाऱ्या मुलांचे शरीर आणि मन निकोप कसे राहील, ह्याचा आपण विचार करू.

मुलांनो, आपल्या वर्गाकडे पाहा. वय सारखे असूनही सर्वांची उंची सारखी नसते. मुलींची उंची बहुधा मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी झपाट्याने वाढू लागते. मुलांतही कोणी १२ व्या वर्षी उंच होतो, तर कोणी १५ व्या. लांब हात आणि रुंद खांदे पाण्यात उपयोगी पडतात. म्हणून लवकर वाढलेला मुलगा आज पुढे दिसतो. मागे राहिलेल्याचे कौशल्य कमीच असेल असे नाही. कदाचित त्याची वाढ अद्याप व्हावयाची असेल. यास्तव शेजारच्या पट्टीकडे पाहण्यापेक्षा आपल्याच मागील वेळेशी तुलना करणे शहाणपणाचे.

सरावाइतकीच विश्रांतीही आवश्यक आहे. एका सरावात हात शेकडो वेळा खांद्यातून फिरतो. थकलेल्या खांद्यावर भार पडतच राहिला, तर तो दुखावतो. असे दुखणे लपविण्यात शौर्य नाही. ते शिक्षकांस त्याच दिवशी सांगावे. पोहतानाही घाम येतो, पण पाण्यात तो दिसत नाही. म्हणून मधूनमधून पाणी प्यावे. भाकरी, डाळ, उसळ, दूध, फळे असा पोटभर आहार घ्यावा. पहाटे सरावास जाणाऱ्याने रात्री लवकर निजावे. तुमच्या वयात सुमारे ९ तास झोप हवीच.

आता मनाची गोष्ट. कोल्हापूरचे वीरधवल खाडे २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिक स्पर्धेत पोहले, तेव्हा त्यांस १७ वे वर्षही पुरे झाले नव्हते. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फुलपाखरू शैलीत कांस्यपदक मिळविले. पुढे ते तहसीलदार झाले. तरीही पाण्याची ओढ सुटली नाही. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत, ५० मीटर मुक्त शैलीच्या प्राथमिक फेरीत, त्यांनी २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र त्यांचे कांस्यपदक सेकंदाच्या अवघ्या शंभराव्या भागाने हुकले! पापणी लवण्यासही ह्याहून अधिक वेळ लागतो. एवढ्याशा अंतराने अनेक वर्षांचे परिश्रम व्यर्थ गेले, असे कोण म्हणेल?

म्हणून तुमचा भाऊ, बहीण किंवा मित्र शर्यतीहून परत येईल, तेव्हा “कितवा नंबर आला?” असे प्रथम विचारू नका. “आज पोहताना कसे वाटले?” असे विचारा. घड्याळ हातापायांची गती मोजते. मुलाची योग्यता मोजण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नाही. ज्याला पाण्याचा आनंद टिकविता आला, तोच उद्याही उत्साहाने तलावावर जाईल.