मृण्मूर्तींचा कालनिर्णय

पाषाणमूर्तीवर लेख कोरलेला असल्यास तिचा काळ ठरविणे सुकर होते. मृण्मूर्तीच्या बाबतीत अशी सोय क्वचितच असते. संग्रहालयातील मृण्मूर्तीखाली लिहिलेले शतक कोणत्या पुराव्यावर आधारलेले आहे, हे म्हणूनच तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

स्टेला क्राम्रिश यांनी १९३९ मध्ये मृण्मूर्तींचे कालातीत व कालबद्ध असे दोन वर्ग कल्पिले. चिमटीने नाक काढलेल्या, डोळ्यांच्या जागी मातीच्या टिकल्या लावलेल्या हस्तघटित मूर्ती पहिल्या वर्गात मोडतात. ही घडण शतकानुशतके चालत आल्यामुळे केवळ रूपावरून त्यांचा काळ सांगणे धोक्याचे होय. साच्यातून काढलेल्या मूर्तींवर मात्र तत्कालीन वेषभूषेची व अलंकारांची छाप उमटलेली असते. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातील यक्षीचा मृत्फलक याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तो बंगालमधील तामलुक, म्हणजेच प्राचीन ताम्रलिप्ती, येथे १८८३ मध्ये सापडला. शैलीवरून तो सामान्यतः इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानतात. तथापि रूपावरून कळतो तो मूळ साच्याच्या शैलीचा काळ. जुन्या मूर्तीवरून नवा साचाही करता येतो, हे विसरता कामा नये.

उत्तर प्रदेशातील अहिच्छत्र येथे १९४०-४४ मध्ये उत्खनन झाले. तेथील मृण्मूर्तींचा वासुदेवशरण अग्रवाल यांनी केलेला अभ्यास महत्त्वाचा ठरला, कारण रूपाच्या जोडीला थरांचा पुरावा तेथे उपलब्ध होता. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील गंगा-यमुनांच्या भव्य गुप्तकालीन मूर्ती तेथील शिवमंदिरातील आहेत. प्राप्तिस्थान ज्ञात असल्यामुळेच त्यांचे वास्तूतील प्रयोजन आपणांस समजते. परंतु थरावरून कळतो तो मूर्ती मातीआड झाल्याचा काळ, घडविल्याचा नव्हे.

थर्मोल्युमिनेसन्स पद्धती तिसरी साक्ष देते. माती शेवटची केव्हा भाजली गेली, याचा अंदाज तीवरून बांधता येतो व अलीकडची नक्कल उघडकीस येऊ शकते. मात्र या अंदाजात बऱ्याच वर्षांचे अंतर पडू शकते, आणि प्राप्तिस्थान तर तीवरून मुळीच कळत नाही. चंद्रकेतुगढच्या नावाने बाजारातून संग्रहालयांत आलेल्या अनेक फलकांची अडचण नेमकी हीच आहे.

तात्पर्य, रूप, थर आणि भाजणी या तीन साक्षी तीन भिन्न क्षणांविषयी बोलतात. त्यांपैकी कोणत्या साक्षीवर एखादे शतक सांगितले आहे, हे नमूद केल्याखेरीज कालनिर्णय पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.