जाळ तोच, घर वेगळे

अमेरिकेत दिवाणखान्यात लावायची गॅसची एक शेकोटी मिळते. दिसायला ती ओंडक्यांची. ओंडके मात्र सिरॅमिकचे, त्यांच्या खाली गॅसचा बर्नर, आणि धुराडे अजिबात नाही. भिंत फोडायला नको, चिमणी चढवायला नको. गॅसची नळी जोडली की काम झाले. विकणारा सांगतो, गॅसची जवळजवळ सगळी उष्णता खोलीतच राहते. ते खरेच आहे. बाहेर जायला वाटच ठेवलेली नाही, तर उष्णता जाणार कुठे? आणि उष्णतेला वाट नाही म्हणजे जळून झालेल्या हवेलाही नाही. हे दुसरे वाक्य माहितीपुस्तकाच्या बारीक टायपात असते.

आपल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांत अशी शेकोटी असलेले घर शोधूनच काढावे लागेल. माळशेजच्या वाटेवर एखाद्या फार्महाऊसवाल्याला हौस झाली तर गोष्ट निराळी. पण धुराडे नसलेला जाळ आपल्याकडेही घरोघर आहे, फक्त त्याला कोणी शेकोटी म्हणत नाही. म्हणून या परदेशी वस्तूचा हिशोब आधी पाहू, मग आपल्या न्हाणीघरात शिरू.

या शेकोटीला अमेरिकी नियम झोपायच्या खोलीत तासाला १० हजार बीटीयूच्या वर जाऊ देत नाहीत. आपल्या मापात हे २.९ किलोवॅट, म्हणजे ओट्यावरच्या मोठ्या बर्नरहून जरा जास्त. एवढ्या जाळाला तासाला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास एलपीजी लागतो. तो जळताना खोलीतला सुमारे ८०० ग्रॅम ऑक्सिजन खातो, आणि साडेतीनशे मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतो. काचांवर पाणी ओघळते ते हेच. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली पुरती बंद असेल, तर हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला दीड तास पुरतो.

हा १८चा आकडा उगाच घेतलेला नाही. या उपकरणांत एक छोटी पायलट ज्योत असते आणि तिच्या टोकाशी थर्मोकपल. ऑक्सिजन १८ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत जागा सोडते, थर्मोकपल गार होतो आणि गॅसची झडप आपोआप मिटते. युक्ती नामी आहे, पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. ही यंत्रणा ऑक्सिजनवर लक्ष ठेवते. कार्बन मोनॉक्साइड ती मोजत नाही. बर्नरच्या भोकांत धूळ बसली, किंवा शोभेसाठी कुणी ओंडके इकडचे तिकडे केले आणि ज्योत त्यांच्यावर आपटू लागली, तर ऑक्सिजन भरपूर असतानाही काजळी धरते आणि विषारी वायू तयार होतो. म्हणून ओंडक्यांची मांडणी बदलू नका, असे माहितीपुस्तक बजावते. कॅलिफोर्नियाने तर राहत्या घरात अशी उपकरणे लावायलाच बंदी घातली आहे.

आता आपल्याकडे. आपल्या बाजारात ज्याला ‘सहा लिटरचा’ म्हणतात तो गॅस गिझर मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो. त्यासाठी त्याला सुमारे साडेबारा किलोवॅटचा जाळ लागतो, म्हणजे त्या परदेशी शेकोटीच्या चौपट. आणि आपण तो टांगतो कुठे, तर पाच बाय सातच्या बाथरूममध्ये, जिची हवा त्या झोपायच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. जाळ चौपट आणि जागा पाव. दार लावलेले, झडपा मिटलेल्या, उंबऱ्याशी ओला टॉवेल अशी स्थिती धरून हिशोब केला, तर ऑक्सिजन १८ टक्क्यांवर यायला सहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येत राहते म्हणून बहुतेकांची अंघोळ सुखरूप होते. पण थंडीत फटी बुजवल्या जातात, गरम पाण्याखालून निघवत नाही, आणि घरात चार माणसे एकामागून एक नहायला जातात.

ऑक्सिजन उतरू लागला की ज्वलन अर्धवट राहते. एका कार्बनला दोन ऑक्सिजन मिळायचे तिथे एकच मिळतो, आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांना हे पुस्तकातून शिकायला नको. कोळसा पाडणे हा या जमातीचा पिढीजात धंदा, आणि त्यातली सारी कला वारा रोखण्यात. रचलेली लाकडे पाला आणि मातीने लिंपून घ्यायची, भोके मोजकी ठेवायची. मोकळा वारा लागला तर कोळशाऐवजी राख हाती येते. झडपा मिटून गिझर लावणारा नकळत तशीच भट्टी लावत असतो, फक्त स्वतः आत बसून.

मग आजवर हे कसे निभावले? घरामुळे. या तालुक्यांतले जुने घर कुडाचे: कारवीच्या काड्या उभ्या करून शेणामातीने लिंपलेली भिंत, वर वासे आणि कौले. भिंत आणि वाशांमध्ये हातभर फट असे, कौलाकौलांतून धूर झिरपे. चुलीच्या धुराने बाईचे डोळे आणि फुप्फुसे जळत, तो छळ खराच होता. पण अदृश्य वायूला साठायला जागा नव्हती. अंघोळीचे पाणी तापवणारा तांब्याचा बंब परसात नाहीतर पडवीत असे. त्याच्या मधोमध नळकांडे असते. निखारे त्यात आणि धूर वर. म्हणजे बंबाला स्वतःचे धुराडे होते. आताचे घरकुल विटा, सिमेंट आणि स्लॅबचे, त्यात सरकत्या काचांच्या खिडक्या. गळत नाही, उंदीर येत नाही, डासही कमी. आणि हवाही येत नाही. १ मे २०१६ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर अशाही घरांत पोहोचवला आणि धुराचा जाच कमी केला, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याच सिलिंडरवर पुढे गिझर चढला, आणि खोलीच्या हवेचा विचार कुणीच केला नाही.

सर्वांत जपायची जागा मला बाळंतिणीची खोली वाटते. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणून बाजेखाली घमेल्यात निखारे ठेवतात. वर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी देतात. वारा लागू नये म्हणून दार ओढलेले, खिडकीला चादर. निखारा लाल होऊन धूर संपला की सगळ्यांना हायसे वाटते, डोळे झोंबायचे थांबतात. धोका नेमका तेव्हा असतो. तापलेल्या कोळशाच्या थरातून वर येणारा कार्बन डायऑक्साइड पुन्हा कोळशाशी संयोग पावून मोनॉक्साइड होतो, आणि त्याला ना रंग ना वास. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जलद, त्यामुळे विष त्याच्या अंगात लवकर भिनते. शेक द्यायचाच असेल तर दार उघडे ठेवून, माणूस समोर बसवून, थोडा वेळ द्यावा आणि घमेले लगेच बाहेर न्यावे. रात्रभर निखारे बाजेखाली ठेवून झोपणे नकोच.

मोनॉक्साइडला रक्तातल्या हिमोग्लोबिनची ओढ ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट असते. तो एकदा तिथे बसला की ऑक्सिजनला जागाच उरत नाही. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९५च्या सुमारास हा वायू स्वतः हुंगून, रक्ताचे नमुने काढत, त्याचे परिणाम नोंदवले. खाणींत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेण्याची कल्पना त्याच्याच कामातून आली. पक्ष्याचा श्वास जलद, म्हणून तो आधी कोसळतो. ब्रिटिश खाणींनी हे पक्षी १९८६मध्ये बंद केले.

लक्षणे फसवी असतात. डोके दुखते, मळमळते, पाय गळतात. माणूस म्हणतो पित्त झाले, आणि हात नळापर्यंत जाण्याआधी शुद्ध हरपते. बाथरूममध्ये झटका येऊन पडलेल्या तरुण रुग्णांना आधी अपस्मार समजले गेले आणि नंतर कारण गिझर निघाले, अशा नोंदी भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी केल्या आहेत. मार्च २०२३च्या धुळवडीला घाटकोपरमध्ये रंग खेळून आलेले एक दांपत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले, तेव्हाही पहिला संशय गॅस गिझरवरच गेला. त्याआधी जानेवारी २०२०मध्ये नेपाळमधल्या दामन इथल्या रिसॉर्टमध्ये केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले ते उठलेच नाहीत. खोली आतून बंद होती.

आता कामाचे. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवावा, मागच्या गॅलरीत, पडवीत किंवा उघड्या परसात. आत यावी फक्त गरम पाण्याची नळी. नळीला दोन-तीन मीटर जास्त लागतात आणि प्लंबर कुरकुरतो. कुरकुरू द्यावे. भाड्याच्या घरात गिझर आतच असेल, तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मग आत जाऊन कडी लावावी. शॉवरखाली गिझर चालू ठेवायचा नाही. एक्झॉस्ट पंखा लावला की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. बाहेरून हवा यायला दाराखाली जाळी किंवा झडप नसेल, तर पंखा खोलीत ओढ निर्माण करतो आणि जळलेली हवा बर्नरकडून उलटी आत फिरते. आत येणारी वाट खाली, बाहेर जाणारी वर, अशा दोन्ही हव्यात, आणि दोन्ही कायम उघड्या. ज्योत निळी असावी. पिवळी जीभ किंवा गिझरच्या तोंडाशी काजळी दिसली तर तो वापरायचा थांबवून मेकॅनिकला बोलवावे.

गॅसगळती सांगणारे यंत्र आणि मोनॉक्साइडचे यंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुकानदारही त्यांत घोळ करतो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो जमिनीलगत पसरतो. त्याचे यंत्र खाली लावायचे. शिवाय एलपीजीत वासासाठी मर्कॅप्टन मिसळलेला असतो, त्यामुळे नाकालाही कळतो. मोनॉक्साइड हवेहून किंचित हलका, सगळीकडे मिसळणारा. त्याचे यंत्र माणसाच्या श्वासाच्या उंचीवर, झोपायच्या खोलीत किंवा न्हाणीघराबाहेर हवे. गळतीचा वास आला तर बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे उघडावीत आणि घराबाहेर येऊन १९०६वर फोन करावा.

आत कुणी पडले आहे असे वाटले तर दार तोडावे, पण एकदम आत घुसू नये. आधी गॅस बाहेरून बंद करावा, दार-खिडकी सताड उघडावी, श्वास रोखून माणसाला बाहेर ओढावे, मग १०८. करोनानंतर घरोघर आलेले बोटाचे ऑक्सिमीटर अशा वेळी खोटे बोलते. त्याला ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइड घेतलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. बेशुद्ध माणसाच्या बोटावरही ते ९८ दाखवू शकते. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर दीड तासाच्या आत. म्हणून मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय असो की शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, पोहोचताच डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगावे: बाथरूममध्ये गिझर चालू होता, दार बंद होते.