पावसाआधीचे सहा तास

पहाटे ५. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी ०९/२७ आणि तिला छेदणारी १४/३२, दोन्ही मे महिन्यात एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, सहा महिने आधी निघते, विमान कंपन्या वेळापत्रकं बदलतात आणि आम्हाला सहा तास मिळतात. माझ्याकडे रंगाचं काम आहे. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या, टॅक्सीवेवरच्या पिवळ्या. उजाडायच्या आधी जीपने फेरी मारली. २७ च्या टोकाला विमानं टेकतात तो भाग टायरच्या रबराने काळाठिक्कर पडलाय. टोकापासून ४०० मीटरवर दोन जाड पांढरे पट्टे असतात, उतरताना वैमानिक त्यांवर नजर धरतो. सगळ्यात जास्त माखतात तेही तेच.

सकाळी ८. कामगारांसमोर मी दरवर्षी तैपेईची गोष्ट सांगतो. ३१ ऑक्टोबर २००० ची रात्र, वादळी पाऊस. सिंगापूर एअरलाइन्सच्या ७४७ विमानाला ०५एल धावपट्टीवर जायचं होतं. ते अलीकडच्या ०५आरवर वळलं आणि तिथूनच सुटलं. त्या पट्टीवर पुढे दुरुस्ती चालू होती. विमान तिथल्या यंत्रांवर आदळलं. १७९ पैकी ८३ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांच्या चुका निघाल्या. पण चुकीच्या पट्टीकडे वळणारी रेघ आणि तिच्यावरचे हिरवे दिवे ठळक होते, आणि बरोबर पट्टीकडे नेणारी रेघ मध्येच तुटलेली होती, हेही निघालं. हे ऐकल्यावर कुणी विचारत नाही की चार मीटर रेघ राहिली तर काय बिघडतं.

साडेदहा. गाड्या रांगेत. टँकर, झाडूगाडी, रंगाची यंत्रं, दिवेवाले, डांबराचा पोत तपासणारे. वॉकीटॉकीवर टॉवरची परवानगी येईपर्यंत कुणीही चाक पुढे घ्यायचं नाही.

११ ते १. जोराच्या पाण्याने रबर काढायचं. पाण्याचा दाब जास्त झाला तर रबराबरोबर डांबराचा वरचा थरही सुटतो, म्हणून यंत्रामागे एक माणूस चालतच असतो.

दुपारी १. खरं काम आता. डांबरावर हात ठेववत नाही. मामांनी दोरी ताणून खडूची रेघ मारली. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने रंगारी. त्यांची दोरी चुकलेली मी पाहिली नाही. मागून रंगाचं यंत्र, आणि त्याच्याच मागच्या नळीतून ओल्या रंगावर पडणारे काचमणी. रव्याएवढे बारीक मणी. रात्री रेघ दिसते ती या मण्यांमुळे: विमानाच्या दिव्याचा उजेड मण्यात शिरतो आणि आला त्याच दिशेने परत फिरतो. त्यासाठी मणी निम्माशिम्मा रंगात रुतायला हवा. पार बुडाला तर आंधळा, वरवर राहिला तर चार दिवसांत टायरांनी उडालेला. मेच्या उन्हात रंगावर लगेच साय धरते आणि मणी टणटण उडून बाजूला पडतात. नव्या मुलाने वेग जरा कमी केला तसे मामा ओरडले, “अरे पोरा, थांबू नकोस! साय धरली की मणी घेणार नाही तो.” मी भिंगातून पाहिलं. तेवढी दोन हात रेघ खरवडून पुन्हा मारायला लावली. पोरगा हिरमुसला, मामांनी त्याला पाणी दिलं.

साडेतीन. टॅक्सीवे. इथे मला राग येतो तो मिटवलेल्या रेघांचा. मार्ग बदलला की जुनी पिवळी रेघ खरवडून काढायला हवी. एका जुन्या कंत्राटदाराने तिच्यावर नुसता काळा रंग फासलाय. दिवसा काही कळत नाही. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ ला दाट धुक्यात एक छोटं जेट चुकीच्या टॅक्सीवेवरून धावपट्टीवर आलं, धडक झाली आणि ११८ माणसं गेली. त्या वैमानिकाने जमिनीवरची ‘एस ४’ ही खूण टॉवरला कळवली होती. टॉवरच्या नकाशात ती खूणच नव्हती. नको असलेली खूण शिल्लक ठेवणं हे हवी असलेली पुसट ठेवण्याइतकंच धोक्याचं आहे, आणि खरवडायचा खर्च मंजूर होताना हे कुणाला आठवत नाही.

साडेचार. झाडूगाडी, मग आम्ही आडवी रांग धरून चालत. एक खिळाही राहता कामा नये.

संध्याकाळी ५. धावपट्टी सुरू. ती बंद होती हे दहा मिनिटांत कुणाला सांगूनही पटलं नसतं.

रात्री ९. बरेच जण दिवसा, कोरड्यात, उभ्याने रेघ पाहून काम मंजूर करतात. मला ते मान्य नाही. ७४७ मधला वैमानिक जमिनीपासून साधारण साडेआठ मीटर उंचावरून बघतो, आणि आपल्याकडे चार महिने तो पावसातून बघतो. पाण्याचा पातळ थर मण्यांवर चढला की उजेड परत न फिरता घसरून पुढे निघून जातो; दुपारी लखलखीत वाटलेली रेघ तिथेच संपते. म्हणून टॅक्सीवेचा बंद असलेला तुकडा टँकरने भिजवला आणि शिडीच्या गाडीवर चढून दिवे लावले. नवी रेघ अंधुक झाली, पण सलग दिसली. होल्डिंगच्या, म्हणजे धावपट्टीआधी थांबायच्या, दोन अखंड आणि दोन तुटक रेघाही वेगळ्या ओळखू आल्या. त्यांच्या डावीकडे मात्र काळ्या रंगाखालची जुनी रेघ होती. काळा रंग ओला होऊन असा चकाकत होता की दोन्हींतली खरी कुठली ते सांगता येईना. माझ्या शेजारच्या ज्युनियर मॅडमना विचारलं, “कुठून जाल?” त्यांनी डावीकडे बोट दाखवलं.

साडेदहा. फोटो काढून नोंदवहीत लिहिलं: जुनी रेघ पाण्याच्या यंत्राने मुळापासून काढावी. काढेपर्यंत पावसात किंवा रात्री इथून विमान न्यायचं झालं तर पुढे फॉलो-मी जीप हवीच. टॉवरलाही कळवलं. यंत्र उद्या रात्री मोकळं होतंय. मामा येतो म्हणाले.