चॉकलेट-शेंगदाण्याचे लाडू : प्रथिने किती, गोडवा किती?

मुलांना चॉकलेट हवे असते आणि आयांना त्यांच्या पोटात काहीतरी पौष्टिक जायला हवे असते. बाजाराने या दोन्ही गरजा बरोबर हेरल्या आहेत. 'प्रोटीन बार' नावाच्या ज्या वड्या पूर्वी फक्त व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या पिशवीत दिसत, त्या आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही लटकलेल्या असतात. शिवाय मोबाइलवर रोज नवी कृती येते : भट्टी नको, ओव्हन नको, दहा मिनिटांत प्रथिनयुक्त चॉकलेट तयार! घरातल्या मुली उत्साहाने करतात, चवही छान लागते. पण त्यात प्रथिने खरोखर किती, हे मात्र कोणी मोजत नाही.

अशा बऱ्याच कृतींत मारी बिस्किटांचा चुरा, कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि वर चमचाभर पीनट बटर असते. बिस्किटात शंभर ग्रॅममागे प्रथिने जेमतेम सात-आठ ग्रॅम. कंडेन्स्ड मिल्कमध्ये निम्म्याहून अधिक वजन साखरेचे. ईदच्या दिवशी पाहुण्यांपुढे हा चॉकलेट रोल ठेवायला आमची काही हरकत नाही, मिठाई म्हणून तो झकासच आहे. पण परीक्षेच्या दिवसांत मुलाला 'ताकदीचे' म्हणून तो रोज देत असाल तर आपण त्याला साखर देत आहोत.

न भाजता, न तळता वळायचे गोड आपल्याला नवे नाही. चपाती कुस्करून गूळ-तुपात केलेला मलिदा, शेंगदाण्याचे कूट आणि गुळाचे लाडू, खजूर-मेव्याच्या वड्या हे सगळे आपल्या दादी-नानीच्या हातचे. त्याच वाटेने गेले तर चॉकलेटही मिळते आणि प्रथिनेही. फक्त सामान नीट निवडायला हवे.

आधी गरज किती ते पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला रोज दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 55 किलो वजनाच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम आणि 65 किलोच्या पुरुषाला 54 ग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला याहून जास्त. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम मिळतात. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे 25 ग्रॅमच्या आसपास, चिवड्यात घालतो त्या भाजक्या चण्याच्या डाळ्यात 20 ते 22, साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत 35 हून थोडी जास्त. बदामात सुमारे 21, म्हणजे शेंगदाण्यापेक्षा कमीच; भाव मात्र कितीतरी पट! खजूर गुणाचा, पण प्रथिनांच्या बाबतीत गरीब : शंभर ग्रॅमला दोनच ग्रॅम.

म्हणून आमचे प्रमाण असे : शेंगदाणे 250 ग्रॅम, डाळे 150 ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची भुकटी 50 ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर 150 ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर 25 ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि चार-पाच वेलच्या. साखर नाही, गूळ नाही. या सगळ्याचे मिळून 25 लाडू होतात आणि एकूण प्रथिने 120 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका लाडवात जवळजवळ पाच ग्रॅम, दोन लाडू म्हणजे दीड अंडे. हे तीन पदार्थ एकत्र घेण्यात आणखी एक फायदा आहे. शेंगदाण्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक आवश्यक घटक कमी असतो, तो चण्यात आणि दुधात चांगला असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

आता कृती. शेंगदाणे आधी निवडून घ्या आणि यात घाई करू नका. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले, चवीला कडू लागणारे दाणे सरळ फेकून द्या. अशा दाण्यांत बुरशीचे विष असू शकते आणि ते भाजल्याने पुरते जात नाही. निवडलेले दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहून खमंग भाजा, गार झाल्यावर चोळून साले पाखडा. डाळे मऊ पडले असतील तर तेही दोन मिनिटे शेकून बारीक दळा आणि चाळून घ्या.

हे वाचून कोणी म्हणेल, मग गॅस लागलाच की! लागला. भट्टी नको याचा अर्थ कच्चे चालते असा नव्हे. काही कृतींत कच्चा मैदा किंवा कच्चे बेसन तसेच मिसळायला सांगतात, ते करू नका. कच्च्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि कच्च्या डाळीचे पीठ पचायलाही जड. डाळे आधीच भाजलेले असतात, म्हणूनच आम्ही ते घेतले.

साले काढलेले दाणे कोमट असतानाच मिक्सरच्या कोरड्या भांड्यात घाला; भांडे निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. आधी कूट होईल, मग त्याचा गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटेल. बऱ्याच बायका इथेच थांबतात आणि पाणी किंवा तेल घालतात. काही घालू नका. मिक्सर बंद करा, चमच्याने कडा खरवडा, मोटर गार होऊ द्या आणि पुन्हा फिरवा. दाण्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचेच असते, ते सुटायला वेळ लागतो इतकेच. थांबत थांबत आठ-दहा मिनिटांत ते चमच्यावरून ओघळू लागते. हेच ते पीनट बटर.

त्यात खजूर घालून एकजीव करा. परातीत डाळ्याचे पीठ, दुधाची भुकटी, कोको, मीठ, वेलचीपूड चाळून घ्या, वर हे मिश्रण ओता आणि हाताने मळा. कोरडे वाटले तर चमचा-दोन चमचे कोमट साजूक तूप घाला; दूध किंवा पाणी नको, त्याने लाडू दोन दिवसांत आंबतात. मग हाताच्या उबेने वळा.

मुलांना वर चॉकलेटचा थर हवाच असतो. त्यासाठी हेच मिश्रण बटर पेपर अंथरलेल्या ताटात थापा. शंभर ग्रॅम गडद चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या वाडग्यात वितळवा. वाडगे पाण्याला टेकू देऊ नका आणि वाफेचा थेंबही आत पडू देऊ नका. वितळलेल्या चॉकलेटात थोडेसे पाणी गेले की त्यातली साखर आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि चॉकलेटची खडबडीत पेंड होते. त्यात एक चमचा पीनट बटर मिसळले तर थर कापताना तडकत नाही. अर्धवट घट्ट झाल्यावरच सुरीने वड्या पाडा. कोकोतले लोणी 34 अंशांच्या आसपास वितळते. त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या वड्या शाळेच्या डब्यात देऊ नका. तिथे बिनथराचा लाडूच बरा.

चॉकलेट घेताना वेष्टन उलटून वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिली असेल तर ते मुख्यतः साखरच आहे. 'कंपाउंड' लिहिलेले असेल तर त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पतिजन्य तेल असते. हिरव्या ठिपक्यावरून प्राण्यांच्या मांसापासूनचा घटक नाही हे कळते, अर्कासाठी अल्कोहोल वापरले की नाही हे कळत नाही. परदेशातून आलेल्या प्रोटीन बारमध्ये जिलेटिन सापडते. व्हे पावडर चीज करताना उरलेल्या निवळीपासून होते आणि ते दूध नासवायला वापरलेले रेनेट वासराच्या जठरातलेही असू शकते, सूक्ष्मजीवांपासूनचेही. हलालचा उल्लेख नसेल तर कंपनीला विचारावे. घरच्या लाडवात हा प्रश्नच येत नाही. व्हॅनिलाच्या जागी वेलची आहेच.

लाडू हलका मात्र समजू नका. एका लाडवात शंभराहून थोड्या जास्त कॅलरी असतात, म्हणजे दोन लाडू साधारण दोन मध्यम चपात्यांइतके. मधुमेह असलेल्या अब्बांनी खजुराची साखर साखरच धरावी आणि दिवसाला एकावर थांबावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, तेव्हा दुसऱ्याच्या मुलाला देण्यापूर्वी त्याच्या आईला विचारा. लहानग्यांना अख्खे दाणे किंवा चमचाभर घट्ट बटर देऊ नका, घशात अडकते.

आणि एक गोष्ट आम्हाला स्पष्टच सांगायची आहे. हे लाडू झाले की पहिला डबा व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलासाठी बाजूला निघतो, दुसरा धाकट्याच्या शाळेसाठी. जिची पाळी नुकतीच सुरू झाली आहे ती मुलगी, बाळाला पाजणारी सून आणि ज्यांनी दाणे सोलले त्या अम्मी, या तळाचा चुरा खातात. जेवतानाही रश्शातले बोटीचे तुकडे आधी पुरुषांच्या ताटात गेलेले असतात. पंचवीस लाडू आहेत आणि घरात पाच माणसे, तर प्रत्येकाचे पाच. वळून झाल्याबरोबर मोजून ठेवले तर वाद राहत नाही. सहरीला भूक नसते असे म्हणणाऱ्या मुलींना दुधाबरोबर दोन लाडू दिले तर तेवढ्यात दहा-पंधरा ग्रॅम प्रथिने पोटात जातात.

लाडू कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. थंडीत बाहेर आठवडाभर टिकतात, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवा. शेंगदाण्याचे तेल खवट होते, त्यामुळे वास बदलला की ठेवू नका. काढताना हात कोरडा असावा.